माहेरच्या नावाचे पासबुक

लालबागच्या चाळीतली आमची खोली २०२३ च्या पावसाळ्याआधी रिकामी करून द्यायची होती. आईला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती आणि वडील तर त्याच्याही कितीतरी आधी गेले होते, त्यामुळे त्या खोलीत आता वापरातले असे काही उरले नव्हते. होती ती भांडी, फळीवरचे देव आणि पोटमाळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलेले होते. ते उचलले तेव्हा खाली जुन्या लुगड्याच्या काठातून शिवलेली एक चपटी चंची सापडली. तिच्यात माझ्या भावाच्या जन्माची चिठ्ठी होती, पिवळी पडलेली एक लग्नपत्रिका होती आणि एका बँकेचे पासबुक होते.

पासबुकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत, टाकाने लिहिल्यासारख्या जाड-बारीक अक्षरांत एका मुलीचे नाव होते. नावाआधी ‘कु.’ लिहिलेले होते. दादाने ते वाचले आणि मला विचारले, “ही कोण?” मलाही क्षणभर सांगता आले नाही. मग लग्नपत्रिका उलगडली, तिच्यात ‘चि. सौ. कां.’च्या पुढे तेच नाव दिसले आणि आम्ही दोघे बहीणभाऊ त्या रिकाम्या खोलीत जमिनीवरच बसलो. आपल्या आईचे माहेरचे नाव दादाला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळत होते. मी ते लहानपणी मावशीच्या तोंडून एकदोनदा ऐकले होते, पण ते लाडाचे नाव असावे अशी माझी समजूत होती. ते नाव मी इथे लिहिणार नाही. असल्या खात्यांच्या मागावर आता परकी माणसेही असतात, हे त्याचे एक कारण आहे. ते नाव फुलाचे होते आणि सासरी मिळालेले देवीचे होते, एवढे सांगते.

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहीत. आडनाव बदलायचेच, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव यायचेच, पण तिचे स्वतःचे नावही त्याच दिवशी बदलायचे. तांदळातली ती अक्षरे सगळ्यांनी वाचली की मग जुन्या नावाने हाक मारायची ती फक्त माहेरच्यांनी, आणि तीही माहेरच्याच अंगणात. रेशनकार्डावर, मतदार यादीत, इस्पितळाच्या केसपेपरवर आणि शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर जे नाव येते ते तांदळातले. अंगठी, तांदूळ आणि नाव घेण्याची लगबग यांचे मला लहानपणी फार कौतुक होते. त्या ताटात एखादे बँकखातेही पुसले जात असेल, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते.

आई सिंधुदुर्गातली. ती जन्मली तेव्हा तो जिल्हा वेगळा झालेला नव्हता, सगळी रत्नागिरीच होती. सातवी झाल्यावर ती थोरल्या बहिणीबरोबर काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. भाजलेली बी फोडायची, गर अख्खा काढायचा, मग त्याची साल सोलायची. गर जितका अख्खा निघेल तितकी किंमत बरी आणि मजुरी वजनावर. काजूच्या टरफलातले तेल कातडीला लागले तर ती भाजते, म्हणून बायका हाताला राख चोळून कामाला बसत. तरीही बोटे काळी पडतच. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढच्या एकदोन वर्षांत बँका शहरे सोडून तालुक्यांच्या गावी आल्या, तशी एक शाखा या दोघींच्या वाटेवरही आली. १९७१ च्या नोव्हेंबरात दोघी बहिणी तिथे गेल्या आणि त्यांनी प्रत्येकी पाच रुपये भरून खाती उघडली. हे सगळे मला मावशीने सांगितले. पासबुक मला फक्त तारीख आणि रक्कम सांगत होते.

पण त्या तारखा आणि त्या रकमाही किती बोलतात, ते मी पुढचे कित्येक दिवस बघत राहिले. पहिली अडीच वर्षे दर पंधरवड्याला नोंद आहे. पाच रुपये, तीन रुपये, सात रुपये, मिरगाच्या आसपास शून्य. पानांच्या कोपऱ्यांवर तपकिरी डाग आहेत, अंगठ्याच्या आकाराचे, आणि ते पाण्याने जाणारे नाहीत. १९७४ च्या वैशाखात लग्न झाले. त्यानंतर पाने एकदम विरळ होतात. वर्षाला दोनच नोंदी, एक मे महिन्यातली आणि दुसरी गणपतीत किंवा दिवाळीत, म्हणजे ती जेव्हा जेव्हा माहेरी आली तेव्हाची. या पैशांचा हिशेब सरळ आहे. भावाने घातलेली ओवाळणी, आजीने निघताना हातावर ठेवलेले पाच-दहा, ओटीतले सव्वा रुपये. मुंबईतून नेलेले पैसे त्यात असतील असे मला वाटत नाही, कारण मुंबईतल्या पैशांना मुंबईतच वाटा असत. मे १९८१ मध्ये शिल्लक १,१३४ रुपये झाली होती.

मग १९८२ साल येते. त्या वर्षाच्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते आणि माझे वडील त्यांतले एक होते. तो संप कधी मागे घेतला असे कोणी जाहीर केले नाही, तो नुसता विझत गेला. आमची चूल काही महिने उसनवारीवर चालली आणि एप्रिलमध्ये आई आम्हा दोघांना घेऊन एसटीने गावी गेली. त्या मुक्कामाची माझी आठवण म्हणजे फणसाचे गरे आणि विहिरीवरचे पाणी. मी सहा वर्षांची होते. त्या दिवसांत आमचे पोट कशावर भरत होते, ते मला एकेचाळीस वर्षांनी पासबुकाच्या उजव्या रकान्यात दिसले. एप्रिलमध्ये २०० रुपये काढले, जुलैत २५०, ऑक्टोबरात ३००. अकरा वर्षांत त्या खात्यातून पैसे निघाले ते एवढेच, तीन वेळा. वडिलांना हे ठाऊक होते की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडाने नेहमी सांगितले ते असे की, संपात सासुरवाडीने सांभाळले. आईने ते वाक्य कधी दुरुस्त केले नाही.

शेवटची नोंद नोव्हेंबर १९८३ ची आहे. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी भरलेले २१ रुपये आणि शिल्लक ४५२ रुपये ६० पैसे. पुढच्या उन्हाळ्यात आजोबा गेले, मामा नोकरीसाठी मुंबईला आला, माहेरचे घर वर्षातून पंधरा दिवस उघडणारे घर झाले. पासबुक चंचीत गेले आणि चंची ट्रंकेच्या तळाशी गेली.

माझा पहिला विचार असा होता की हे खाते कधीच बुडाले असणार. बहुतेकांना असेच वाटते, आणि हक्काचा पैसा पडून राहण्याचे मोठे कारण तेच आहे. वास्तविक असा पैसा बुडत नाही. खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे तसेच राहिले की बँक ती रक्कम व्याजासह रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा करते. हा निधी २०१४ साली अस्तित्वात आला. पैसा तिकडे गेला तरी खातेदाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क संपत नाही आणि त्याला मुदतही नाही. दावा आपल्या बँकेकडेच करायचा, बँकेने तो तपासून पैसे द्यायचे आणि मग निधीतून भरपाई घ्यायची. व्याज देणाऱ्या खात्यांना निधीतही व्याज मिळते. ते आधी ४ टक्के होते, जुलै २०१८ पासून साडेतीन झाले आणि मे २०२१ पासून ३ टक्के आहे. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये साठले होते. या आकड्याच्या बातम्या येतात तेव्हा लोक हळहळतात, कोणाचे असतील एवढे पैसे म्हणून. मला मात्र तेव्हापासून तो आकडा दिसला की त्यातले ४५२ रुपये ६० पैसे आधी दिसतात.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी तिथे एकाच जागी शोधता येतात. सुरुवातीला त्यावर सात बँका होत्या, २०२४ च्या मार्चपर्यंत तीस झाल्या. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, खातेदाराचे नाव टाकायचे, बँक निवडायची आणि जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र, पारपत्र किंवा वाहन परवाना यांतले काहीतरी एक द्यायचे. हे काही नसेल तर पत्त्यावरून शोध घेता येतो. यासाठी कोणालाही एक पैसा द्यावा लागत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्याच चाळीत एका गृहस्थाने ‘जुने पैसे काढून देतो, दहा टक्के द्या’ असे सांगून तीन घरांतून आधार कार्डांच्या प्रती नेल्या होत्या.

मी आधी सवयीने आईचे सासरचे नाव टाकले. काही मिळाले नाही. मग पासबुकावरचे नाव टाकले, तरी काही मिळाले नाही. दोन गोष्टी चुकल्या होत्या. पासबुकावर नाव असलेली बँक आता त्या नावाने उरलीच नव्हती. २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारी बँकांचे एकत्रीकरण झाले तेव्हा ती एका मोठ्या बँकेत विलीन झाली होती. म्हणजे खातेदार लग्न होऊन दुसऱ्या नावाने दुसऱ्या घरी गेली होती आणि बँकही दुसऱ्या नावाने दुसऱ्या घरी गेली होती, आणि मी दोघींना जुन्या पत्त्यावर शोधत होते. दुसरी गोष्ट स्पेलिंगची. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना शेवटचा ‘अ’ लिहायचा की नाही, ‘व’साठी कोणते अक्षर, आडनावातला ‘कर’ जोडून की तोडून, हे पन्नास वर्षांपूर्वी कोणी ठरवले असेल आणि पुढे खातेवहीतून संगणकात उतरवताना कोणी बदलले असेल, ते आपल्याला कसे कळणार? मी एका वहीत सगळे पर्याय लिहून काढले आणि विलीनीकरणानंतरची बँक निवडून एकेक टाकत गेले. अकराव्या प्रयत्नाला नाव आले. पत्त्यात गावाचे नाव अर्धे चुकलेले होते, पण आजोबांचे नाव बरोबर होते. नावासमोर एक संदर्भ क्रमांक होता.

त्या रात्री मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. आईच्या अंत्यविधीनंतर आम्ही तिची सगळी कागदपत्रे रीतीने रद्द करून घेतली होती. आता इथे एका सरकारी यादीत ती अजून ‘कुमारी’ म्हणून नांदत होती.

शाखेत जे घडले ते सविस्तर सांगते, कारण खरी वाट तिथे सुरू होते. मी पासबुक, मृत्यूचा दाखला आणि आम्हा दोघा भावंडांची ओळखपत्रे घेऊन गेले. खिडकीवरच्या तरुणाने सगळे पाहिले आणि शांतपणे म्हटले, “मॅडम, खाते यांचे आहे आणि दाखला यांचा आहे. ही दोन माणसे आहेत.” त्याचे काही चुकले नव्हते. कागदावर ती दोनच माणसे होती. आईचे लग्न नोंदवलेले नव्हते, त्या काळी आमच्याकडे कोणाचेच नसे. नावबदल राजपत्रात छापून घेता येतो, पण तो जिवंत माणसाने आपल्या सहीने करायचा असतो. मी स्वतः लग्नानंतर फक्त आडनाव बदलले, तेही राजपत्राची प्रत हातात आल्यावर एकेका खात्यावर जाऊन, आणि तो व्याप मला तेव्हा निष्कारण वाटला होता. आईच्या बाबतीत तो दुवा कोणी लिहूनच ठेवलेला नव्हता. तांदळातली अक्षरे पुरावा म्हणून दाखवता येत नाहीत.

मग आम्ही ती एकच बाई होती हे सिद्ध करायला निघालो. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिकांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. कापडी बांधणीचा तो जाड ग्रंथ वाळवीने एका बाजूने खाल्लेला होता. १९५९ च्या जूनमधल्या नोंदींवरून बोट फिरवत त्या एका ओळीवर थांबल्या. तिचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि शेरा, ‘सातवी पास, वर्तन चांगले’. शाळा सोडल्याचा दाखला देताना मुख्याध्यापिकांनी विचारले, कशासाठी हवा हे काय लिहू? मी म्हटले, बँकेच्या कामासाठी. गेलेल्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला काढताना हात थरथरतो, हे मला तिथे कळले. पोलीस पाटलांनी अमुक यांची मुलगी अमुक गावी दिली, सासरचे नाव अमुक, असा दाखला लिहून दिला. मामाने प्रतिज्ञापत्र केले की ही माझी सख्खी बहीण. मी दुसरे केले की ही माझी आई आणि ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. त्या प्रतिज्ञापत्रात वकिलांनी दोन नावांच्या मध्ये एक शब्द घातला, ‘ऊर्फ’. तिच्या उभ्या आयुष्यात ती दोन नावे एका ओळीत कधी कोणी लिहिली नव्हती.

खात्यावर नामनिर्देशन, म्हणजे खातेदारानंतर पैसे कोणाच्या हाती द्यायचे त्याचे नाव, नोंदवलेले नव्हते. असणेही शक्य नव्हते, कारण बँकखात्यांवर नामनिर्देशन करण्याची सोय कायद्याने आली तीच १९८५ साली. आईची शेवटची नोंद त्याच्या दोन वर्षे आधीची. अशा वेळी सगळ्या वारसांनी मिळून अर्ज करावा लागतो. रक्कम मोठी असती तर न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखला आणावा लागला असता. रक्कम लहान असली की बँका हमीपत्रावर भागवतात. आता रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांनी ही मर्यादाही आखून दिली आहे: नामनिर्देशन नसेल, मृत्युपत्र नसेल आणि वाद नसेल तर व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या रीतीने, न्यायालयाचा कागद न मागता निकाली काढायचे. ज्यांनी हे काम अर्धवट सोडून दिले असेल त्यांनी आता पुन्हा जावे. आणि नामनिर्देशनात एखाद्याचे नाव लावले म्हणजे पैसा त्याचाच झाला, या समजुतीतही कोणी राहू नये. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीबाबतच्या खटल्यात, समभाग आणि म्युच्युअल फंडांविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. नामनिर्देशित व्यक्तीने पैसा स्वीकारायचा, मालकी ठरते ती वारसाहक्काच्या कायद्याने.

चार महिने, सात फेऱ्या आणि एक परत आलेला अर्ज, एवढे झाल्यावर आमच्या खात्यांत पैसे जमा झाले. एकूण २,३८७ रुपये. कागदपत्रांवर आणि प्रवासावर याच्या तिप्पट खर्च झाला होता आणि भाच्याने सहज विचारलेही की आत्या, कशासाठी एवढे केले? त्याला मी पासबुकाचे उजवे पान दाखवले. माझे म्हणणे एवढेच आहे की हा पैसा लहान असला तरी मिळवलेला आहे, राख चोळलेल्या बोटांनी मिळवलेला आहे, आणि तो ‘मालक सापडत नाही’ अशा यादीत पडून राहावा हे मला सोसत नव्हते. मालक सापडत होती. तिला कोणत्या नावाने हाक मारायची ते आपण विसरलो होतो.

त्यानंतर मी आमच्या इमारतीतल्या, ओळखीतल्या बायकांना एकच प्रश्न विचारू लागले: तुझ्या आईचे, सासूचे माहेरचे नाव काय? लग्नापूर्वी ती काही कमवत होती का? किती घरांत उत्तर यायला वेळ लागतो, ते पाहून मन खिन्न होते. सासऱ्यांच्या विमा पॉलिसीचा क्रमांक पाठ असतो, सासूबाईंचे जन्माचे नाव ठाऊक नसते. एका मैत्रिणीच्या सासूबाई लग्नाआधी टेलिफोन खात्यात होत्या, त्यांची पोस्टातली बचत निघाली. दुसरीच्या आईच्या नावे वडिलांनी हौसेने घेतलेले एका कंपनीचे समभाग होते. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही की लाभांशासह समभागही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, आणि तिथून ते परत मिळवायचा वेगळा अर्ज असतो. तो तिने केला आहे. आयुर्विम्याचे दहा वर्षे न मागितलेले पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. तिथे गेल्यावर मात्र मुदत आहे, पंचवीस वर्षांची, आणि ती उलटली की हक्क संपतो. म्हणून विम्याचा शोध आधी घ्यावा असे मी सांगते.

मावशीचे मात्र राहूनच गेले होते. आईबरोबर त्याच दिवशी, त्याच खिडकीवर तिनेही खाते उघडले होते. आईच्या खात्याचा क्रमांक तिच्या लागलीच पुढचा. तिचे लग्न आईच्या आदल्या वर्षी झाले, ती सावंतवाडीकडे गेली, आणि घर गळके असल्यामुळे पासबुक कुठल्याशा पावसात लगदा होऊन गेले. ती आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. मी तिला फोनवर म्हटले, मावशी, तुझेही पैसे असतील, शोधू या. तर ती म्हणाली, “तां नाव आता खंय आसा?” ते नाव आता आहे कुठे? मी तिला विचारले की तुम्ही दोघींनी लग्नानंतर ते खाते कधी आपल्या नव्या नावावर का करून घेतले नाही? ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले की बँकेत जाऊन नाव बदलून घेतले असते तर ते सासरच्या नावाचे पैसे झाले असते. तसे करायचे दोघींच्याही मनात नव्हते. आणि न बदलता वापरायचे म्हणजे जी मुलगी आता राहिली नाही तिच्या नावाने सही करायची, त्याची भीतीही वाटायची.

तिचे नाव नदीचे आहे. ते तिसऱ्याच प्रयत्नाला सापडले. ती हयात आहे, त्यामुळे प्रतिज्ञापत्र तिने स्वतः केले, दोन्ही नावांचे, मधल्या ‘ऊर्फ’सकट. खात्यात किती आहेत ते अजून बँकेने कळवलेले नाही. शाखेतल्या बाईंनी सांगितले होते की अर्जावर सही दोन्ही नावांनी करा, जुने नमुनापत्र सापडले तर ताडून पाहता येईल. म्हणून आदल्या रात्री मावशीने कालनिर्णयचे मागच्या महिन्याचे पान फाडले, ते उलटे करून मांडीवर पाटावर ठेवले आणि चष्मा लावून ती जुन्या नावाची सही गिरवत बसली. पहिल्या चारपाच ओळींत सवयीने सासरचे आडनाव आले, ते तिने खोडले. सहाव्या ओळीत बापाचे नाव नीट आले. मग तिने पान माझ्यापुढे सरकवले आणि विचारले की ‘द’चा काना असाच काढायची का गो मी, तुझ्या आवशीने तुला कधी दाखवले होते का?

दुसऱ्या दिवशी खिडकीवर तिने पेन हातात घेतले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि न थांबता पूर्ण नाव लिहिले. बाईंनी ते वाचून तिला त्याच नावाने बसायला सांगितले. मावशीने चटकन ओ दिली.